वाटीखालचं दुखणं आणि पोलीस भरती: घरी काय करायचं

प्रश्न: माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. चार महिन्यांपासून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखून राहिलं. एमआरआयमध्ये पटेलर टेंडन जाड झालेला आणि थोडा फाटलेला दाखवला. एक डॉक्टर म्हणाले तीन महिने पूर्ण आराम, दुसऱ्यांनी इंजेक्शन सुचवलं, ग्राउंडवरचे सर म्हणतात पट्टा बांध आणि पळ. घरी फिजिओ येतात, करंटचं मशीन लावून जातात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. हे घरी व्यायाम करून बरं होईल का? किती दिवस लागतील? त्याला खायला काय देऊ, खाली बसू देऊ की नको? (एक आई, मानेवाडा, नागपूर)

उत्तर:

ताई, हे घरी बरं होतं. अशा गुडघ्यांवर मी फिजिओ म्हणून बहुतेक वेळा रुग्णाच्या घरीच काम करतो आणि त्यासाठी करंटचं मशीन लागत नाही. टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, लागतो भार. मोजून दिलेला, आठवड्याआठवड्याने वाढणारा आणि काही महिने न चुकता दिलेला भार. तुम्हाला मिळालेल्या तिन्ही सल्ल्यांत नेमका तोच नाही. आराम भार काढून घेतो, इंजेक्शन दुखणं झाकतं आणि पट्टा बांधून पळणं म्हणजे न मोजता भार टाकणं. म्हणून चार महिने गेले तरी गुडघा आहे तिथेच आहे.

आधी हे दुखणं खरंच टेंडनचं आहे का, ते घरीच पाहून घ्या. वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जो जाड पट्टा हाताला लागतो, तो पटेलर टेंडन. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा सरळ करायला जो जोर लावतो, तो सगळा याच पट्ट्यातून खाली जातो. मुलाला पाय सरळ करून बसवा आणि दुखतं तिथे एकच बोट ठेवायला सांगा. बोट वाटीच्या खालच्या टोकावर, नाण्याएवढ्या जागेवर गेलं. पळताना, उडी मारताना, जिना उतरतानाच दुखतं. सुरुवातीला दुखून अंग गरम झालं की कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठणकतं. असं असेल तर रिपोर्ट आणि गुडघा एकच गोष्ट सांगताहेत. पण तो वाटीभोवती सगळा हात फिरवून "इथं सगळंच दुखते" म्हणाला, गुडघ्यात पाणी भरल्यासारखी सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल, तर टेंडन रिपोर्टमध्ये खराब दिसला तरी दुखण्याचं मूळ दुसरीकडे असू शकतं. तेव्हा पुन्हा तपासून घ्या. झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, गुडघा लाल आणि गरम होणं, ही या आजाराची लक्षणं नाहीत. तिथे व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

घरच्या उपचाराच्या पूर्ण बाहेरची एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. उडी मारताना किंवा पाय घसरताना गुडघ्यात फट्‌कन आवाज झाला, वाटी वर सरकल्यासारखी दिसली आणि झोपून पाय सरळ ठेवून उचलताच आला नाही, तर टेंडन पूर्ण तुटला आहे असं समजा आणि त्याच दिवशी हाडांच्या सर्जनकडे न्या. पूर्ण तुटलेला टेंडन शिवावा लागतो. पहिल्या दोनेक आठवड्यांत शिवला तर काम सोपं असतं, उशीर झाला की टोकं आखडतात. ऑपरेशननंतरची फिजिओथेरपी खाली लिहिलेल्या व्यायामांपेक्षा वेगळी असते. गुडघा किती दिवशी किती वाकवायचा, पट्टी कधी सैल करायची, हे सर्जनने सांगितल्याप्रमाणेच चालतं. शेजारच्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर हा कागद त्याला देऊ नका.

आता रिपोर्टमधला "थोडा फाटलेला" हा शब्द. या शब्दाने घरातले सगळे हादरतात आणि मुलगा पायावर जोर द्यायलाच घाबरतो. मला सर्वांत जास्त वेळ या भीतीवर द्यावा लागतो. व्हॉलीबॉल खेळणाऱ्या, काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंची सोनोग्राफी केली तरी अनेकांच्या टेंडनमध्ये असेच डाग दिसतात. म्हणजे डाग दिसला की दुखलंच पाहिजे असं नाही, आणि दुखणं गेलं की डाग जातोच असंही नाही. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली टाचेच्या टेंडनमधलं कार्बन-१४ मोजलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं हे कार्बन वाढलं होतं, त्यावरून शरीरातला कोणता भाग कधी घडला ते कळतं. त्यांना दिसलं की टेंडनचा गाभा वयाच्या साधारण १७ व्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. म्हणून खराब झालेला मधला भाग नव्याने भरून येईल याची वाट पाहू नये. झाडाच्या ढोलीचं असतं तसं आहे हे: ढोली भरत नाही, भोवतीचं खोड जाड होतं आणि झाड वादळात उभं राहतं. डागाभोवतीचा चांगला टेंडन आणि मांडीचा स्नायू मजबूत करणं हेच आपलं काम. त्यामुळे तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढून "फरक पडला का" पाहण्यात पैसे घालवू नका. फरक जिना उतरताना पाहायचा असतो.

पूर्ण आरामाबद्दल. डॉक्टरांनी आराम सांगितला त्यामागचा हेतू बरोबर आहे. दुखत असताना पळणं आणि उड्या काही दिवस थांबवायलाच हव्यात. पण तीन महिने काहीच केलं नाही तर मांडी बारीक होते, टेंडनची ताण सोसायची ताकद आणखी उतरते, आणि मुलगा ग्राउंडवर परतला की आठवड्याभरात जुनं दुखणं हजर. तुम्ही शिवणकामाचा टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटीमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा. मुलाने मांडी सैल सोडलेली असली पाहिजे. चार महिने एक पाय वाचवत चालल्यावर उजवी मांडी बारीक भरण्याची शक्यता भरपूर आहे. तो आकडा लिहून ठेवा.

इंजेक्शन स्टिरॉइडचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: टेंडनमध्ये नको. २००९ साली डेन्मार्कमध्येच या टेंडनच्या रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला स्टिरॉइड, दुसऱ्याला हळूहळू खाली बसायचे व्यायाम, तिसऱ्याला जड वजनाचे संथ व्यायाम. बारा आठवड्यांनी तिन्ही गट सुधारलेले होते. सहा महिन्यांनी व्यायामवाल्यांची सुधारणा टिकली, स्टिरॉइडवाल्यांची उतरली. शिवाय स्टिरॉइडने टेंडन कमकुवत होऊन तुटायचा धोका वेगळाच. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या घटकांचं इंजेक्शन, महागडं असतं. याच टेंडनवर केलेल्या एका चाचणीत व्यायामासोबत पीआरपी घेतलेले आणि नुसत्या सलाइनच्या पाण्याचं इंजेक्शन घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. तो पैसा जिमच्या फीला आणि चांगल्या बुटांना लावा.

औषधांचा विषय निघालाच आहे तर हेही. पोट बिघडलं की आपल्याकडे औषधाच्या दुकानातून ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सर्रास आणल्या जातात. ओफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लेवोफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच कुळातली प्रतिजैविकं आहेत आणि ती टेंडनला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली त्यांच्या वेष्टनावर तशी ठळक चेतावणी छापायला लावली. मुलाला पुढे कधी प्रतिजैविक लिहून दिलं तर डॉक्टरांना टेंडनच्या दुखण्याबद्दल आधी सांगा. स्वतःच्या मनाने तर देऊच नका.

आता घरचा कार्यक्रम. याला वेळ देऊन वाचा आणि मुलालाही वाचायला द्या.

पहिले दोन आठवडे पळणं, दोरीवरच्या उड्या आणि बेडूक उड्या बंद. चालणं चालू. या दिवसांत टेंडनला जागच्या जागी ताण द्यायचा. भिंतीला पाठ टेकवून उभं राहायचं, पावलं भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि पाठ घसरवत गुडघे थोडे वाकवायचे. खुर्चीवर बसतो तेवढं खाली जायचं नाही, त्याच्या बरंच वर थांबायचं. तिथे ४५ सेकंद. मग दोन मिनिटं विसावा. असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. खरा व्यायाम होत असेल तर तिसाव्या सेकंदाच्या आसपास मांडी थरथरायला लागते. ती थरथर हवी आहे. थरथर आलीच नाही तर डाव्या पायावरचा भार हळूहळू कमी करत उजव्या पायावर घ्यायचा. बहुतेक मुलं इथे नकळत फसवतात: कंबर डाव्या बाजूला सरकते आणि दुखरा पाय नुसता साथीला उभा राहतो. तुम्ही समोर उभं राहून कंबरेच्या दोन्ही हाडांवर नजर ठेवा. ती एका रेषेत हवीत. या जागच्या ताणाने काहींचं दुखणं तासाभरासाठी छान उतरतं, काहींचं उतरत नाही. नाही उतरलं म्हणून व्यायाम चुकला असं समजू नका.

दुखणं किती चालेल, याचा नियम सगळ्या कार्यक्रमाचा कणा आहे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं. दुखलं की थांब, हा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण त्याने टेंडनला पुरेसा भार कधी मिळतच नाही. पण निकाल व्यायामाच्या वेळी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. टेंडन उशिरा बोलतो. म्हणून रोज सकाळी, काही करायच्या आधी, मुलाने उजव्या पायावर उभं राहून एकदाच हळू अर्धी बैठक मारायची, भिंतीला बोटं टेकवून. दुखण्याचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलने लिहायचा. कालचा दोन, आजचा दोन: भार बरोबर आहे. कालचा दोन, आजचा पाच: काल जास्त झालं, पुढच्या खेपेला वजन कमी. हा आकडा तुम्ही रोज विचारा, पण "कसं आहे रे?" असं विचारू नका. आईने कसं आहे विचारलं की मुलगा "बरं आहे" म्हणतो. आकडा विचारला की आकडा सांगतो.

सकाळचा आकडा आठवडाभर तीनच्या आत राहिला की जड आणि संथ व्यायाम सुरू करायचे. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. रोज नकोत. जड कामानंतर साधारण पहिले दीड दिवस टेंडनमध्ये मोडतोड जास्त असते आणि जुळणी त्यानंतर पुढे जाते. उत्साहाने रोज केलं तर जुळणी व्हायच्या आतच पुन्हा मोडतोड.

यातला मुख्य व्यायाम एका पायाच्या बैठकीचा. मागचं पाऊल चौरंगावर किंवा पलंगाच्या खालच्या फळीवर, पुढे दुखरा पाय. तीन सेकंद मोजत खाली, तीन सेकंद मोजत वर. एका दमात पंधरा, असे तीन-चार सेट, मध्ये दोन मिनिटं. पंधरा सहज जमायला लागले की जुनी बॅग घ्या आणि त्यात तांदळाच्या पाच किलोच्या पिशव्या भरून पाठीवर द्या. आधी एक, मग दोन, मग तीन. वजन वाढेल तशा एका दमातल्या बैठका कमी करा: पंधराचे बारा, दहा, आठ, शेवटी सहा. शेवटचे दोन काढताना ओठ आवळावे लागले पाहिजेत. व्यायाम घरी फसतो तो इथेच. मुलं तेच हलके व्यायाम महिनोन्‌महिने करत राहतात, वजन वाढवत नाहीत, आणि मग म्हणतात फिजिओथेरपीने फरक पडला नाही. बिनवजनाचे पाय उचलणं, टॉवेल गुडघ्याखाली दाबणं हे ऑपरेशन झालेल्या किंवा वयस्कर माणसाला सुरुवातीला ठीक आहे. १६०० मीटर पळणाऱ्या मुलाच्या टेंडनला त्याची दखलही नसते.

तुमचं काम मोजण्याचं. मोठ्याने, शांतपणे मोजा. मुलाला तीन सेकंद म्हणजे एक सेकंद वाटतो, विशेषतः खाली जाताना. तो धपकन खाली जाऊन झटक्याने वर येत असेल तर सेट धरू नका. वर येताना मांडीवर हाताने जोर दिला तरी धरू नका.

दुसरा व्यायाम उतरत्या फळीवरचा, तोही याच दिवशी, पहिल्यानंतर. गल्लीतल्या सुताराकडून तीस सेंटीमीटर लांबीची फळी करून घ्या, मागची बाजू जमिनीपासून पावणेतेरा सेंटीमीटर उचललेली, म्हणजे उतार साधारण २५ अंशांचा होतो. वर खरखरीत रबर चिकटवायला सांगा, खाली सरकू नये म्हणूनही. टाच उंच बाजूला, बोटं उताराकडे. दोन्ही पायांनी वर यायचं आणि फक्त दुखऱ्या पायाने हळू खाली जायचं. या उतारामुळे पोटरीची मदत कमी होते आणि टेंडनवर नेमका ताण येतो, म्हणून यावर दुखतंही जास्त. सुरुवातीचे तीन-चार आठवडे ही फळी नकोच. सकाळचा आकडा दोनवर स्थिर झाल्यावर आणा.

यासोबत टाचा उचलण्याचे व्यायाम आणि पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलण्याचा पूल. पोटरी आणि नितंब कमजोर असले की उडीचा सगळा धक्का गुडघ्यावर येतो. यावर जास्त लिहीत नाही, तेही एक दिवस आड आणि तेही वजन वाढवत. दोनेक महिन्यांनी बॅग पुरेनाशी होईल. तेव्हा मोहल्ल्यातल्या जिममध्ये नाव घाला, लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शनची मशीनं या कामाला फार चांगली.

उजवी मांडी डावीच्या बरोबरीला आली आणि दुखऱ्या पायावर पंधरा-वीस किलोच्या बॅगेसह आठ बैठका निघू लागल्या, की मगच उड्या. पहिल्यांदा दोन्ही पायांनी दोरीवर वीस उड्या, तीन वेळा. दोन दिवस थांबून सकाळचा आकडा पाहायचा. उड्यांचे दिवस सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी, त्याहून जवळ नकोत. मग एका पायावरच्या उड्या. पळणं याच टप्प्यात: एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा, मातीच्या मैदानावर. तेही उड्यांच्याच दिवसांत मोजायचं, मधल्या दिवशी नाही. रिंग रोडच्या डांबरावर पहाटे पळणारी पोरं मला रोज दिसतात, पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की सगळीच तिकडे वळतात. पहिले काही आठवडे तरी हे टाळा. झिजलेले बूट फेका. आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गुडघा पहाटे आखडलेला असतो, तेव्हा पळण्याआधी दहा मिनिटं जागच्या जागी हालचाल आणि भिंतीचे दोन-तीन ताण घेऊनच निघावं.

किती दिवस, हे तुम्ही विचारलंत. जिना उतरताना, गाडी मेन स्टँडवर लावताना दुखणं कमी होणं हे सहा ते आठ आठवड्यांत जाणवायला हवं. ग्राउंडवर पूर्वीसारखं पळायला सहा महिने धरून चाला, जास्तही लागू शकतात. नेदरलँड्समध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असाच टप्प्याटप्प्याने वाढणारा भार देऊन खेळाडूंना २४ आठवडे पाहिलं. नुसत्या उतरत्या बैठकांपेक्षा हा कार्यक्रम सरस ठरला, तरीही त्या चांगल्या गटातले निम्म्याहून कमीच खेळाडू २४ आठवड्यांत आपल्या जुन्या पातळीवर खेळत होते. हे मी घाबरवायला सांगत नाही. दोन महिन्यांनी "अजून दुखतंच" म्हणून सगळं सोडून दिलं जातं, ते होऊ नये म्हणून सांगतो. दुखणं कमी होतं ते सरळ रेषेत नाही, मध्ये एखादा आठवडा मागे जाणारच.

आणि भरती? मैदानी चाचणीचे गुण ५०, त्यात १६०० मीटरचे २०, शंभर मीटर आणि गोळाफेकीचे प्रत्येकी १५. चाचणीची तारीख दूर असेल तर वर लिहिलं तसंच जा. जवळ असेल तर मुलाशी आणि सरांशी बसून बोला. गोळाफेकीचा सराव या महिन्यांत पूर्ण जोराने होऊ शकतो, फक्त उभ्या जागेवरून, उडी घेऊन नाही. दम टिकवायला सायकल, सीट इतकी उंच की पायडल खाली असताना गुडघा जवळपास सरळ होईल. लेखी परीक्षेचा अभ्यास तर गुडघा थांबवत नाहीच. बेडूक उड्या मात्र सरांनी सांगितल्या तरी नाही. काही ठिकाणी त्या शिक्षा म्हणून दिल्या जातात आणि वाटीखालच्या दुखण्याने बेजार झालेली मुलं मला याच सवयीतून आलेली दिसतात. सरांना मुलाने स्वतः सांगायला संकोच वाटतो, म्हणून फिजिओकडून एका कागदावर लिहून घ्या: काय चालेल, काय नाही, कधीपर्यंत. लिहिलेलं असलं की सरही सहसा ऐकतात. दुखणं दाबायची गोळी खाऊन ग्राउंडवर जाऊ देऊ नका, कारण मग सकाळचा आकडा खोटा येतो आणि आपण आंधळे होतो.

घरातल्या बाकी गोष्टी थोडक्यात. मांडी घालून जेवायला बसू द्या. उकिडवं बसून दुखत असेल तर महिनाभर टाळा, नंतर सवय परत आणा, कारण गुडघा वाकायला घाबरता कामा नये. त्याच्यासाठी कमोड बसवायची गरज नाही. शेक घ्या किंवा बर्फ लावा, ज्याने बरं वाटतं ते. पण दोन्हींनी टेंडन दुरुस्त होत नाही. वाटीखालचा पट्टा जिना चढताना आधार देत असेल तर बांधू द्या, पळण्याचा परवाना म्हणून नाही. दुखऱ्या जागेवर अंगठा रुतवून चोळणं बंद करा. मांडीला तेल लावून हलकी मालिश केली तर हरकत नाही. खाण्यात प्रथिनं बघा: वजनाच्या दर किलोला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या मुलाला रोज ९० ते १०० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. वरण, भिजवलेले हरभरे, पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या, खात असेल तर चिकन, यातून ते जमतं. डबाभर पावडर आणायलाच हवी असं नाही.

आता तुमच्याकडे येणाऱ्या फिजिओंबद्दल. ते करंट लावतात त्याने वीस-तीस मिनिटं बरं वाटतं हे खरं आहे आणि त्यात त्यांची फसवाफसवी असेलच असं नाही. बऱ्याच घरांतून मशीन लावण्याचीच मागणी असते. मशीन नाही तर पैसे कशाचे, असं मलाही तोंडावर ऐकवलं गेलं आहे. तुम्ही त्यांना स्पष्ट म्हणा: मशीन नको, व्यायाम वाढवून द्या. पहिल्या भेटीत मांडीची ताकद मोजून घ्या, व्यायाम करवून बघायला लावा, कॅलेंडरवरचे आकडे दाखवा आणि दर दोन आठवड्यांनी एकदाच बोलवा. रोजच्या भेटींपेक्षा हे स्वस्त आणि जास्त उपयोगाचं. ते तयार नसतील तर दुसरे पाहा. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालेले आणि महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंद असलेले हवेत, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. घरभेटीचा खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या, फिजिओथेरपी विभागात जा. महिन्यातून एकदा तिथे दाखवून बाकीचं घरी केलं तरी हा कार्यक्रम पूर्ण होतो.

व्यायाम नीट होत असूनही तीन महिन्यांत मांडीचा घेर वाढला नाही आणि सकाळचा आकडा हललाच नाही, तर निदान पुन्हा तपासायचं, तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे परत जा. आणि मुलगा बरा होऊन पळायला लागला की जड बैठका बंद करू नका. तो पळतो आहे तोवर आठवड्यातून दोन दिवस बॅग पाठीवर घ्यायचीच, भरती झाल्यावर ट्रेनिंग सेंटरमध्येसुद्धा. तिथे पहिल्याच महिन्यात परेड आणि पळणं एकदम वाढतं, आणि व्यायाम सोडलेल्या मुलांचा टेंडन तिथे पुन्हा दुखायला लागतो.